१७,९५३ स्वभाव

आपल्याकडे शाळा सोडल्याचा जो दाखला मिळतो, त्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला एकच शब्द येतो: 'चांगली'. वर्गात खडू फेकणाराही चांगला आणि दहा वर्षं मान खाली घालून बसलेलाही चांगला. मास्तरांकडे शब्द कमी असतात असं अजिबात नाही. तेच मास्तर वर्गात एकेकाला आगाऊ, घुम्या, चोंबडा, लोचट, दीडशहाणा अशी नेमकी विशेषणं वाटत फिरत असतात. पण सही-शिक्क्याचा कागद समोर आला की हात आखडता घ्यायचा, कुणाच्या स्वभावावर लेखी बोलायचं नाही, असा आपला जुना शहाणपणा आहे.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठातले गॉर्डन ऑलपोर्ट आणि डार्टमथ कॉलेजातले हेन्री ओडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी कोश पुढ्यात घेतला. एका माणसाची वागणूक दुसऱ्यापेक्षा वेगळी दाखवू शकेल असा जो जो शब्द दिसेल तो तो त्यांनी उचलायला सुरुवात केली. शेवटी मोजदाद झाली तेव्हा आकडा भरला १७,९५३!

म्हणजे बघा, माणूस कसा आहे हे सांगायला इंग्रजीत जवळजवळ अठरा हजार शब्द. रोज एक वापरायचा म्हटलं तरी एकोणपन्नास वर्षं पुरतील.

हा उद्योग त्यांनी हौसेपोटी केलेला नव्हता. त्यामागे एक साधं गृहीतक होतं: माणसांमधला जो फरक लोकांना खरोखर महत्त्वाचा वाटतो, त्याला लोक कधी ना कधी शब्द शोधतातच. तेव्हा स्वभावाचा अभ्यास करायचा तर कोश चाळावा. ही कल्पना इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनला १८८४ सालीच सुचली होती. त्याने रॉजेचा थिसॉरस चाळून स्वभावाचे हजारेक शब्द असावेत असा अंदाज बांधला होता. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी अंदाजावर न थांबता पूर्ण यादीच छापली.

मला त्या यादीपेक्षा त्यांनी केलेले चार ढीग जास्त आवडतात. पहिला ढीग ४,५०४ शब्दांचा. त्यात माणसाचे कायमचे गुण, म्हणजे आपल्या भाषेत तापट, सोशीक, भिडस्त या जातीचे शब्द. दुसरा ४,५४१ शब्दांचा. त्यात तात्पुरत्या अवस्था, म्हणजे गांगरलेला, हिरमुसलेला, खुललेला. तिसरा ५,२२६ शब्दांचा. त्यात दुसऱ्यांनी मारलेले शेरे, म्हणजे थोर, फालतू, बरा. चौथ्या ढिगात राहिलेले ३,६८२, ज्यांचं काय करावं हे ठरेना असे.

स्वभाव आणि मूड यांतला फरक पहिल्या दोन ढिगांत स्वच्छ दिसतो. स्वभाव म्हणजे घरमालक, मूड म्हणजे पाहुणा. पण सगळ्यात मोठा ढीग कुठला ते पाहिलंत का? तिसरा! म्हणजे माणसाबद्दलचे शब्द मोजायला बसलं तर सगळ्यात जास्त भरतात ते बघणाऱ्याला काय वाटलं ते सांगणारे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी थोडं या शब्दांच्या कुळाकडे वळू. अमेरिकेला यायचं म्हणून जी.आर.ई.ची तयारी केलेल्या कुणालाही 'सँग्विन', 'फ्लेग्मॅटिक', 'कॉलेरिक' आणि 'मेलँकलिक' ही चौकडी ठाऊक असते. अर्थ अनुक्रमे आशावादी, थंड, तापट आणि उदास. पण हे चार शब्द एकाच घरातले आहेत, हे त्या तयारीत कुणी सांगत नाही. ग्रीक वैद्यकाप्रमाणे शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात रक्ताचा जोर तो सँग्विन, कफाचा जोर तो फ्लेग्मॅटिक, पिवळ्या पित्ताचा तो कॉलेरिक आणि काळ्या पित्ताचा तो मेलँकलिक. या द्रवाला इंग्रजीत 'ह्यूमर' म्हणत. पुढे त्याचा अर्थ द्रवावरून मनःस्थितीकडे सरकला आणि तिथून विनोदाकडे.

मराठी माणसाला यात चकित होण्यासारखं काही नाही. कुणाचं पित्त खवळलं असं आपण म्हणतो तेव्हा आपणही कॉलेरिकच म्हणत असतो. आयुर्वेदातला कफप्रकृतीचा माणूस धीमा, शांत, टिकाऊ. इंग्रजीतला फ्लेग्मॅटिकही जवळपास तोच. आयुर्वेदात काळं पित्त नाही, त्याच्याकडे वात आहे, एवढा फरक. आणि आपला 'प्रकृती' हा शब्द पाहा. 'प्रकृती कशी आहे?' म्हटलं की तब्येत, आणि 'शांत प्रकृतीचा माणूस' म्हटलं की स्वभाव. शरीर आणि स्वभाव एकाच शब्दात बसवलेले.

याहून गमतीचा शब्द म्हणजे 'मिजास'. ज्या लॅटिन क्रियापदावरून इंग्रजीत 'टेंपरामेंट' आला त्याचा अर्थ प्रमाणात मिसळणं. चार द्रवांचं मिश्रण कसं जमलंय त्यावर स्वभाव ठरतो, म्हणून टेंपरामेंट. ग्रीकांचं हे वैद्यक अरबांनी घेतलं तेव्हा त्यांच्याकडे त्याला शब्द होता 'मिजाज', अर्थ तोच: मिश्रण. ते वैद्यक युनानी या नावाने हिंदुस्थानात आलं आणि फारसीच्या मागोमाग शब्द मराठीत शिरला. आपण त्याची केली मिजास! तेव्हा एखाद्याला 'मिजास दाखवू नकोस' असं आपण खडसावतो, तेव्हा नकळत आपण टेंपरामेंटचंच भाषांतर करत असतो.

दुसरं घराणं ग्रहांचं. 'सॅटर्नाइन' म्हणजे शनीच्या अमलाखालचा, खिन्न आणि संथ. आपला शनीसुद्धा शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. 'जोव्हिअल' म्हणजे गुरूच्या अमलाखालचा, हसतमुख. 'मर्क्युरिअल' म्हणजे बुधाच्या, घटकेत असा घटकेत तसा. तिसरं घराणं गावांचं. 'लॅकॉनिक' म्हणजे लॅकोनियाचा, अर्थात स्पार्टाच्या मुलुखातला. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने स्पार्टाला धमकी पाठवली की मी जर तुमच्या मुलुखात शिरलो तर शहर बेचिराख करीन. त्यावर स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'जर'. पुण्यात राहिलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. आपणही एका गावाच्या नावाचं विशेषण करून बोलण्याच्या एका तऱ्हेला चिकटवलं आहेच की.

असे हे शब्द. कुणी वैद्याकडून आलेले, कुणी ज्योतिषाकडून, कुणी लढाईतून. आता अमेरिकेत त्यांचा दारावरचा पहारेकरी कसा झाला ते पाहू.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सैन्यात भरती होणाऱ्या सुमारे १७ लाख माणसांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा' आणि बाकीच्यांसाठी 'आर्मी बीटा'. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम या तरुण मानसशास्त्रज्ञाने ही आकडेवारी हातात घेतली आणि १९२३ साली अमेरिकनांच्या बुद्धिमत्तेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने जन्मदेशाप्रमाणे माणसांची उतरंड लावली. उत्तर युरोपातले वर, दक्षिण आणि पूर्व युरोपातले खाली.

त्याच्याच आकड्यांत एक गोष्ट लख्ख दिसत होती. ज्या स्थलांतरितांना अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली होती त्यांचे गुण इथे जन्मलेल्यांच्या जवळपास होते आणि नुकत्याच आलेल्यांचे बरेच कमी. शेंबड्या पोरालाही कळेल की वीस वर्षांत माणूस भाषा शिकतो, रीतभात शिकतो, कागदावरच्या प्रश्नाला सरावतो. ब्रिगमने मात्र निष्कर्ष काढला की पूर्वी चांगल्या प्रतीची माणसं येत होती आणि आता येणारी हलक्या प्रतीची आहेत! स्थलांतराला विरोध करणाऱ्यांच्या हातात हे आयतं कोलीत मिळालं. १९२४ साली देशवार कोटा ठरवणारा कडक कायदा झाला.

आपल्यासाठी तर दार आधीच लागलेलं होतं. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा पट्टाच वर्ज्य ठरला होता. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख तरुण १९१८ साली अमेरिकन सैन्यात होता, अंगावर त्यांचा गणवेश चढवून. पण १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तो 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. ब्रिगमचं पुस्तक आणि हा निकाल एकाच वर्षातले.

त्याच ब्रिगमकडे कॉलेजप्रवेशाची नवी परीक्षा बनवण्याचं काम आलं. २३ जून १९२६ रोजी ८,०४० मुलांनी ती पहिल्यांदा दिली. हीच ती सॅट. त्या पहिल्या परीक्षेत शब्दांच्या व्याख्या होत्या, विरुद्धार्थी शब्द होते आणि अमुक जसा तमुकला तसा ढमुक कशाला, अशा सादृश्याच्या जोड्याही होत्या. सैन्याच्या चाचणीतूनच आलेला हा वारसा. पुढे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांत पदव्युत्तर वर्गांसाठी दुसरी परीक्षा सुरू झाली, ती जी.आर.ई. १९४७ साली ई.टी.एस. ही संस्था स्थापन झाली आणि या दोन्ही परीक्षांचा कारभार तिच्याकडे गेला.

आता गोष्टीतलं वळण. १९३० साली ब्रिगमने एका नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून आपलं १९२३चं काम स्वतःच मोडीत काढलं. असल्या चाचण्यांवरून वेगवेगळ्या देशांच्या आणि वंशांच्या लोकांची तुलना करता येत नाही आणि आपला तो अभ्यास निराधार होता, असं त्याने छापून कबूल केलं. पुढे सगळ्या परीक्षा एका मोठ्या संस्थेच्या हाती देण्यालाही त्याने विरोध केला. १९४३ साली तो वारला आणि चार वर्षांनी तीच संस्था उभी राहिली. पुस्तक मागे घेता आलं, पण कायदा तसाच राहिला. १९४६ साली हिंदुस्थानींसाठी दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. खरं उघडलं ते १९६५च्या कायद्याने.

आणि दार उघडल्यावर आम्ही आलो. आम्ही म्हणजे इंजिनिअर मंडळी. गणिताची आम्हाला भीती नव्हती. भीती होती ती 'व्हर्बल' नावाच्या विभागाची, आणि त्यावरचा उतारा म्हणजे बॅरन्सचं पुस्तक. माझी प्रत अप्पा बळवंत चौकातून आणलेली, माझ्या आधी निदान तिघांनी अधोरेखित केलेली. मागे साडेतीन हजार शब्दांची यादी. घरात जमलेल्या लग्नपत्रिका कापायच्या, कोऱ्या बाजूवर शब्द लिहायचा, छापील बाजूच्या मोकळ्या जागेत अर्थ. 'श्री गजानन प्रसन्न'च्या खाली 'चिडखोर, शीघ्रकोपी' असं लिहिलेलं असे.

पाठ करायच्या युक्त्याही अस्सल मराठी. 'मोरोस' म्हणजे मोरू रुसला. 'गॅर्युलस' म्हणजे बोलण्याचं गुऱ्हाळ लावणारा. 'क्वेरुलस' म्हणजे किरकिऱ्या. यादी बाराखडीप्रमाणे असल्याने 'ए' आणि 'बी'चे शब्द सगळ्यांना तोंडपाठ आणि 'टी'च्या पुढे क्वचितच कुणी पोचलेलं. त्यामुळे आमच्या पिढीच्या इंग्रजीत एक मजेशीर असमतोल आहे. सुरुवातीच्या अक्षरांत आम्ही विद्वान, शेवटच्या अक्षरांत साधारण.

या परीक्षेला नावं ठेवणारे अमेरिकेतही पुष्कळ होते. सॅटमधला एक प्रश्न तर अनेक वर्षं उदाहरण म्हणून फिरत होता. धावपटू जसा मॅरेथॉनला, तसा वल्हेकरी कशाला? उत्तर 'रेगाटा', म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या घरी कुणी कधी असली शर्यत पाहिली नाही त्याला बुद्धी असून उत्तर येणार नाही. आम्हाला शर्यत ठाऊक होती ती बैलगाड्यांची. पण आम्ही तक्रार केली नाही. 'रेगाटा' शब्द पाठ केला आणि पुढे गेलो. ब्रिगमला वीस वर्षांच्या वास्तव्याचा जो परिणाम आकड्यांत दिसला होता, तो आम्ही सहा महिन्यांत, अमेरिकेत पाऊलही न ठेवता, लग्नपत्रिकांच्या पाठीवर घडवून आणला. ती परीक्षा जन्मजात काहीतरी मोजते, या समजुतीला याहून सोपं उत्तर नसेल.

हळूहळू परीक्षावाल्यांनीही हे ओळखलं. सॅटमधून १९९४ साली विरुद्धार्थी शब्द गेले, २००५ साली सादृश्याच्या जोड्या गेल्या आणि २०१६ साली गाळलेल्या शब्दाची स्वतंत्र वाक्यंही गेली. जी.आर.ई.ने ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी आणि सादृश्य दोन्ही काढून टाकले. आता शब्द येतो तो वाक्यात, उताऱ्यात. सुटा शब्द विचारला जात नाही. १९२६ साली सुरू झालेली ती रीत ८५ वर्षांनी संपली.

मग त्या शब्दांचं पुढे काय झालं? इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की 'फ्लेग्मॅटिक' कुणी म्हणत नाही, 'लेड-बॅक' म्हणतात. 'सँग्विन' नाही, 'अपबीट'. 'इरॅसिबल' नाही, 'ग्रंपी'. पण स्वभावाची विशेषणं इथे गप्प बसलेली नाहीत. ती वर्षातून एकदा ऑफिसात भेटतात, वार्षिक मूल्यांकनाच्या कागदावर.

एका कंपनीत माझ्या पहिल्या मूल्यांकनात साहेबांनी लिहिलं होतं 'रिझर्व्ह्ड'. काम उत्तम, पण माणूस रिझर्व्ह्ड. आता मीटिंगमध्ये वरिष्ठ बोलत असताना मध्ये तोंड न घालणं याला आमच्या घरी मर्यादा म्हणत, अदब म्हणत. तोच माणूस, तेच वागणं. पण एका भाषेत गुण आणि दुसऱ्या भाषेत खोट. ऑलपोर्टचा तो तिसरा ढीग आठवा. मी कसा आहे हे त्या शब्दाने कमी सांगितलं आणि मी त्यांना कसा दिसलो हे जास्त. पण बढती ठरते ती दिसण्यावर. आणि ज्याच्या ग्रीन कार्डाची फाईल कंपनीच्या कपाटात असते त्याला 'हे तुमचं मत झालं' असं साहेबाला सुनावणं परवडत नाही.

हे एकट्या माझं गाऱ्हाणं नाही. २०१४ साली किरन स्नायडर या भाषाशास्त्र शिकलेल्या बाईंनी तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतली २४८ मूल्यांकनं गोळा करून वाचली. 'ॲब्रेसिव्ह', म्हणजे आपल्याकडचा फटकळ आणि खरखरीत यांच्या मधला शब्द, तो त्यांना बायकांच्या कागदांवर पुन्हा पुन्हा सापडला. पुरुषांच्या कागदांवर एकदाही नाही. आता फटकळ पुरुष अमेरिकेत नाहीत असं म्हणणारा माणूस इथल्या एकाही मीटिंगला बसलेला नसणार.

शब्दांचा आणखी एक प्रकार राहिला: सूर. 'टोन' हा विषय इथे शाळेत रीतसर शिकवतात. माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या वहीत 'टोन वर्ड्स'ची यादीच होती. सार्डॉनिक, विस्टफुल, डायडॅक्टिक वगैरे. उतारा वाचायचा आणि लेखकाचा सूर कुठला ते ओळखायचं. याचं मूळ बऱ्याच अंशी आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाकडे जातं. १९२९ सालच्या पुस्तकात त्याने अर्थाचे चार भाग केले: आशय, भावना, सूर आणि हेतू. त्यातला सूर म्हणजे बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी असलेला पवित्रा. पुढे रिचर्ड्स स्वतःच हार्वर्डला शिकवायला आला आणि अमेरिकन शाळा-कॉलेजांतल्या वाचनावर त्याच्या विचारांची छाप पडली. व्याख्या पक्की आहे. मराठीत तर शब्दच संगीतातला आहे. 'तक्रारीचा सूर', 'नाराजीचा सूर' आपली वर्तमानपत्रंसुद्धा सहज लिहितात.

तर ही मुलगी एकदा माझ्या आईशी फोनवर बोलत होती. आईने नेहमीचं सुरू केलं. आता कशाला आठवण येईल आमची, मोठी माणसं झालात, फोन करायला वेळ कुठला. फोन ठेवल्यावर मुलीने निदान केलं: 'आजीचा टोन क्वेरुलस होता.' वहीतल्या व्याख्येप्रमाणे अगदी बरोबर. कुरकुर होती, तक्रार होती. पण आई त्या वेळी आनंदात होती हे मला इथे, बारा हजार किलोमीटरवर कळत होतं. तो लटका राग होता. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच तो करतात. परक्याशी माझी आई अतिशय गोड बोलते. तिने गोड बोलायला सुरुवात केली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

मी मुलीला 'लटका' शब्द समजावून सांगायला लागलो आणि इंग्रजीत अडकलो. खोटा म्हणावं तर ढोंग वाटतं, गमतीतला म्हणावं तर त्यातला खरा उमाळा जातो. मग रुसवा आला, मग कौतुक आलं, आणि एका फोनमागे आमचा तास गेला. शेवटी तिने वहीत त्या इंग्रजी शब्दांच्या खाली 'लटका' लिहिलं. देवनागरीत, थोडं वाकडं. पुढच्या फोनला आजीने सूर लावल्याबरोबर ही पोरगी हसायला लागली. आणि तिकडून आजीही हसली.

ऑलपोर्टच्या यादीचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. अठरा हजार शब्दांचं लोणचं कोण घालणार? रेमंड कॅटेलने १९४३ साली त्यांतल्या स्थायी गुणांच्या शब्दांची छाननी करून ते १७१वर आणि मग ३५ गटांवर आणले. १९६१ साली अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल या दोघांना त्या ३५ गटांच्या मागे पुन्हा पुन्हा पाचच घटक सापडले. १९८१ साली लुईस गोल्डबर्गने त्यांना नाव दिलं 'बिग फाइव्ह'. नव्याची ओढ, कामातली शिस्त, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि भावनांची चलबिचल, असे ढोबळमानाने ते पाच. मानसशास्त्रात हे पाच घटक आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

मी इंजिनिअर आहे. अठरा हजारांचे पाच करण्यातलं कौशल्य मला कळतं आणि त्याचा उपयोगही पटतो. पण जे गाळावं लागलं त्याचा हिशेबही ठेवायला हवा. 'भिडस्त' त्या पाचांत कुठे बसवाल? तो माणसांत रमतो, जुळवून घेतो आणि तरीही आतून नाही म्हणत असतो. 'आतल्या गाठीचा' कुठे टाकाल? 'मनकवडा'? 'कुढा'? हे शब्द एकेकट्या माणसाचे नाहीतच. दोन माणसांच्या मध्ये काय चाललंय ते त्यांच्यातून कळतं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली सुमारे साठ हजार शब्दांची वाढीव आवृत्ती आली. शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर कुणालाही पाहता येईल असा ठेवला आहे. गेली काही वर्षं मी त्यातून स्वभावाचे शब्द उतरवून काढतोय, आणि वही भरत आली आहे. एका लष्करी साहेबाने ब्राह्मण शास्त्र्यांना हाताशी धरून आपल्या माणसांचे स्वभाव इंग्रजीत समजावून सांगायची केलेली ती धडपड आहे. काही शब्दांपाशी एक इंग्रजी शब्द पुरत नाही म्हणून तो चार-चार ओळी लिहीत जातो, आणि ते वाचताना मला मुलीबरोबरचा तो फोननंतरचा तास आठवतो.

ज्यांची मुलं आज या परीक्षांना बसताहेत त्यांना एवढंच सांगेन की यादी जरूर पाठ करू द्या, तिने दार उघडतं. पण प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर घरातल्या, गल्लीतल्या एकेका माणसाचं नाव लिहायला सांगा. 'टॅसिटर्न' म्हणजे कोण? 'मर्क्युरिअल' म्हणजे कोण? ज्या शब्दासमोर कुणाचंच नाव येत नाही तो परीक्षेनंतर आठवड्यात उडून जातो. आणि ज्या माणसासमोर एकही इंग्रजी शब्द बसत नाही, त्याच्यासाठी आपला शब्द शोधू द्या.

मी हा खेळ ब्रिगमवर करून पाहिला. देशोदेशीच्या माणसांना एका आकड्यात तोलणारा, आणि सात वर्षांनी भर सभेत आपला तराजू खोटा होता म्हणून सांगणारा. बॅरन्समध्ये 'कंट्राइट' आहे, 'पेनिटंट' आहे, पण दोन्हींत नुसता पश्चात्ताप आहे. मोल्सवर्थच्या वहीत मी त्याच्यासाठी 'उपरती' लिहून ठेवलंय. विशेषण नाही, नामच आहे. ऑलपोर्टने ते कुठल्या ढिगात टाकलं असतं कोण जाणे. बहुधा चौथ्या.